आमच्या मेंटेनन्सने उघडलेला लॅपटॉप

मेंटेनन्स डिपार्टमेंटमध्ये किस्से भंगारासारखे साठतात, राव. कोणी मुद्दाम आणत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. "असू दे, लागेल कधीतरी," म्हणून जो तो कोपऱ्यात सरकवतो. मग एक दिवस कोपरा भरतो आणि त्यातलं काहीतरी आपल्याच पायावर पडतं.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांचे पार्ट बनवते. पार्ट बनवणारे वेगळे, आम्ही त्यांची मशीन बंद पडली की पळत जाणारे. आमचे मॅनेजर थोरात साहेब. टूलरूमचे बनसोडे, मूळचे लातूरकडचे, हातात कानस आली की दगडालाही साइजमध्ये आणतील. आणि मी नितीन, इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर. प्रेस असो, कन्व्हेयर असो, आमच्या हातून काही सुटत नाही असा आमचा मोठा तोरा होता. 'होता' म्हणतोय, लक्षात घ्या.

खरं तर हे किस्से मी फारसे कुठे काढत नाही. सांगायला लागलो की कानशिलं गरम होतात. पण तुम्हीच विचारलंत ना, घरच्या लॅपटॉपला मेमरी टाकायचीय, आपली आपणच टाकावी का म्हणून? मग ऐका आणि नंतर ठरवा.

*

सुरुवात झाली ती थोरात साहेबांच्या लॅपटॉपपासून. तो भयंकर तापायचा. मांडीवर घेऊन बसले की साहेब थोड्या वेळाने आपोआप उभे राहायचे. आयटीवाल्यांना फोन केला की ते म्हणायचे, "सर, तिकीट टाका." म्हणजे कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवा आणि वाट बघा. साहेब भडकायचे. "मी मेंटेनन्सचा मॅनेजर! मी तिकीट टाकू?"

आता आमच्या शॉपफ्लोरवर हवेची लाइन सगळीकडे फिरवलेली असते आणि तिला जागोजागी गन लावलेली असते. जॉब, म्हणजे मशीनवरचा पार्ट, साफ करायचा, मार हवा. मशीन साफ करायचं, मार हवा. घरी जाताना कपडे झटकायचे, तरी मार हवा. 'अंगावर हवा मारू नये' अशी पाटी आहे, तिच्यावरची धूळसुद्धा आम्ही हवेनेच उडवतो.

साहेबांनी लॅपटॉप उलटा केला, खालच्या जाळीला गन टेकवली आणि दाबली.

आतला पंखा असा किंचाळला की पलीकडच्या लाइनवरच्या ऑपरेटरने घाबरून इमर्जन्सी स्टॉप दाबला!

धूळ निघाली, नाही असं नाही. तिच्यासोबत पंख्याचं एक पातंही निघालं. शिवाय हवेच्या लाइनमध्ये थोडं तेल आणि थोडं पाणी असतंच, ते आत गेलं. सुरू केला तर लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. साहेबांनी कान लावून नीट ऐकलं आणि म्हणाले, "आता बघा कसा मोकळा श्वास घेतोय!"

आम्ही हसू दाबलं. मॅनेजर आहेत शेवटी. पण मागे एक माणूस उभा राहून हे सगळं बघत होता आणि त्याला ते मनापासून पटलं होतं. ते आमचे गुलाबभाऊ.

*

गुलाबभाऊ आमचे सगळ्यात जुने इलेक्ट्रिशियन. चाकणच्या पुढच्या एका गावातले. घरी शेती, मुख्य पीक कांदा. शिफ्ट संपली की माणूस थेट शेतात. स्वभावाने देवमाणूस, आणि डिपार्टमेंटचा अभिमान इतका की गावच्या जत्रेतसुद्धा कंपनीचं जॅकेट घालून फिरतात. त्यांची मुलगी वैष्णवी इंजिनिअर झालेली. त्यांच्या सगळ्या भावकीत कॉम्प्युटर शिकलेली ती पहिलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबभाऊ खांद्याला बॅग लावून हजर.

"साहेब, पोरीचा लॅपटॉप हाय. लई हळू चालतोय. एक खिडकी उघडली की दुसरी हालत न्हाई. रविवारी तिची परीक्षा हाय, माणच्या एका आयटी कंपनीची. घरूनच द्यायची, ऑनलाइन. पास झाली तर मुलाखत. न्हाई तर पुन्यांदा कवा बोलावत्यात कुनास ठावं."

मी म्हणालो, "गुलाबभाऊ, दुकानात टाका की. निगडीला पाहिजे तेवढी दुकानं आहेत."

त्यांचा चेहराच उतरला. "आपलं डिपार्टमेंट आसताना दुकानात? मेहुनाबी हेच म्हनला. म्या त्याला म्हनलं, आमचं साहेब लोक आख्खी प्रेस खोलत्यात आन् परत जोडत्यात. ह्यो तर वहीएवढा हाय!"

थोरात साहेबांची छाती दोन इंच पुढे आली. "ठेवा इथं," ते म्हणाले. "पोरीला सांगा, निवांत राहा."

*

आमच्याकडे काही बिघडलं की लगेच पाना लावायचा नाही, आधी व्हाय-व्हाय करायचं. म्हणजे फळ्यावर पाच वेळा 'का' विचारत जायचं आणि मूळ कारण गाठायचं. चांगली पद्धत आहे. आमच्या हातात पडेपर्यंत सगळ्याच पद्धती चांगल्या असतात.

साहेबांनी मार्कर घेतला. लॅपटॉप हळू का? मेमरी कमी पडते. का? एका वेळी खूप खिडक्या उघड्या असतात. का? मुलगी एकीकडे शिकवणीचा व्हिडिओ बघते, एकीकडे प्रोग्रॅम लिहिते, मधेच सराव परीक्षा देते. का? अभ्यास खूप आहे. का? नोकरी पाहिजे.

मग साहेबांनी खाली लाल अक्षरात लिहून टाकलं: 'मूळ कारण: मुलगी जास्त अभ्यास करते.'

तेवढ्यात गुलाबभाऊ आत आले. फळ्यापुढे उभे राहून त्यांनी पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं.

"व्हय साहेब, ते खरं हाय," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "पन ते काढायचं कसं?"

साहेबांनी फळा पुसला. डस्टर शोधायलाही थांबले नाहीत, बाहीनेच पुसला.

*

लॅपटॉप उघडायला आम्ही टेबलाभोवती जमलो. मी मुद्दाम मनगटाला तो अर्थिंगचा पट्टा बांधला होता. अंगातल्या विजेने आतले पार्ट जळू नयेत म्हणून असतो तो. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाची क्लिप मी टेबलाच्या पायाला लावली होती. टेबल प्लास्टिकचं होतं. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअर त्या खोलीत मी एकटाच होतो!

खालचं झाकण निघालं. पंखा दिसला. आणि पंख्यात कांद्याची साल!

एक-दोन नाही, राव. पातळ, गुलाबी, सुकलेल्या सालींचा गच्च बोळा. बनसोडेंनी चिमट्याने उपसायला सुरुवात केली. "आयला, लॅपटॉप हाय का भजीची गाडी?" आम्ही पोट धरून हसलो. साहेबांनी तर डोळे पुसले. मी फोटो काढला.

गुलाबभाऊही थोडं हसले. मग म्हणाले, "घरात दिवसभर माणसांचा राबता आसतो, टीव्ही चालू आसतो. तिला बसायला जागाच न्हाई. मग कांद्याच्या चाळीत एक बाकडं टाकून दिलंय. तिथं बसती बिचारी. वारा आला की साली उडत्यात."

चाळ म्हणजे कांदा साठवायची जाळीची शेड. उन्हाळ्यात तिथं पाय ठेववत नाही आणि वासाने डोळ्यातून पाणी येतं. तिथं बसून त्या पोरीने इंजिनिअरिंग पूर्ण केलं होतं. मला एसी वर्गात बसून गणिताचा एम-थ्री पेपर दोनदा द्यावा लागला होता.

बनसोडेंनी पुढच्या साली एकेक करून, अगदी अलगद काढल्या.

*

आता मेमरी. मेमरी म्हणजे बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी. तिच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि लॅपटॉपमधल्या सॉकेटला एक दात असतो. खाच बरोबर दातावर आली की पट्टी बसते. जुन्या पिढीच्या पट्टीची खाच एका जागी, नव्या पिढीची दुसऱ्या जागी. चुकीची पट्टी कोणी घुसवू नये म्हणून बनवणाऱ्याने करून ठेवलेली ही सोय आहे.

ही सोय आहे हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी आम्हाला तो मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट वाटला.

स्टोअरच्या कोपऱ्यात एका मेलेल्या लॅपटॉपमधली पट्टी पडलेली होती. ती आणली. सॉकेटमध्ये बसेना. बनसोडेंनी माप घ्यायला व्हर्नियर लावला, डोळा बारीक केला आणि निदान केलं, "खाच सरकलीय बघा. हे काय, आत्ता करून देतो."

"बनसोडे, कानस नको हं," मी म्हणालो.

"कशाला टेन्शन घ्यायलाव, साहेब?"

बारीक कानशीने त्यांनी दुसरी खाच पाडली. कडा इतक्या सफाईने मारल्या की क्वालिटीवाल्यांनी डोळे झाकून पास केली असती. पट्टी सॉकेटवर ठेवली, अंगठ्याने दाबली. खट्.

"बसायलंय की!" बनसोडे ओरडले.

"फिटमेंट ओके," साहेब म्हणाले.

बटण दाबलं. पडदा काळा. आणि आतून बीप... बीप... बीप. आम्ही एकमेकांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "अलार्म येतोय ना? म्हणजे कंट्रोल जिवंत आहे. घाबरू नका."

मी मात्र घाबरलो होतो. पट्टी काढली, देवाचं नाव घेतलं, नुसत्या जुन्या पट्टीवर चालू केलं. चालू झाला! मी मनातल्या मनात कान धरले आणि संध्याकाळी निगडीला जाऊन दुकानातून योग्य पट्टी आणली. दुकानदाराने विचारलं, "टाकणार कोण?" मी ऐटीत म्हणालो, "मी मेंटेनन्समध्ये आहे." त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "बरं."

त्याच्या त्या 'बरं'वरून तरी मी शहाणा व्हायला हवा होतो.

*

मधला गुरुवार सुट्टीचा. शुक्रवारी नवी पट्टी टाकली आणि काय सांगू, लॅपटॉप पळायला लागला! एक खिडकी, दुसरी, दहावी, भराभर उघडत होत्या. गुलाबभाऊंनी स्वतः बघितलं. टाळ्या झाल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इथं थांबलो असतो ना, तर आज तुम्हाला छाती पुढे काढून सांगत असतो.

पण झाकण लावायचं राहिलं होतं. आणि गुलाबभाऊंच्या बसची वेळ झाली होती.

लॅपटॉपच्या झाकणाचे स्क्रू सगळे सारखे नसतात. कडेचे आखूड असतात, मधले लांब. आम्ही सगळे एकाच ताटलीत टाकले होते, एकमेकांत मिसळून. शिवाय घाई. बनसोडे असेंब्ली लाइनवरची इलेक्ट्रिक स्क्रू गन घेऊन आले, जिच्यावर आम्ही ब्रॅकेट आवळतो तीच. कर्रर्र कट्. कर्रर्र कट्. कडेच्या एका भोकात गन जरा जास्तच वेळ फिरली आणि आतून 'टक' असा आवाज आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"टॉर्क आला," बनसोडे म्हणाले. म्हणजे, हवा तेवढा आवळला गेला.

दोन स्क्रू उरले. साहेब म्हणाले, "तेवढंच वजन कमी." गुलाबभाऊंनी लॅपटॉप बॅगेत घातला, बॅग छातीशी धरली आणि बसकडे पळाले. झाकण लावल्यावर एकदा चालू करून बघावं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. प्रेस जोडल्यावर आम्ही पाच शॉट मारून बघितल्याशिवाय ऑपरेटरच्या ताब्यात देत नाही. आणि हा पोरीच्या परीक्षेचा लॅपटॉप!

*

शनिवारी दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, मी वैष्णवी बोलतेय. गुलाबभाऊंची मुलगी."

"बोल बेटा! कसा चालतोय लॅपटॉप?"

"काका, तो सुरूच होत नाहीये. काल रात्रीपासून. चार्जिंगचा दिवापण लागत नाही. आणि एका कोपऱ्यात की-बोर्ड वर आलाय, खालून काहीतरी टोचतंय."

तो 'टक' आवाज मला आत्ता कळला. लांब स्क्रू आखूड भोकात गेला होता आणि आत जे काही होतं त्याच्या आरपार झाला होता.

"मी येतो," मी म्हणालो. "आत्ता निघतो. उघडून बघतो."

"नको काका." पोरगी पटकन म्हणाली. मग फार मऊ आवाजात, "आता नको उघडायला."

तिच्या जागी मी असतो तर शिव्या घातल्या असत्या.

"मी उद्या निगडीला मैत्रिणीकडे जाते, तिच्या लॅपटॉपवर देते परीक्षा," ती म्हणाली. "बाबांना सांगितलंय की तिथं नेट चांगलं आहे. तुम्ही फक्त एक करा, बाबांना कळू देऊ नका. ते काल घरी आल्यापासून सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत, आमच्या डिपार्टमेंटने करून दिला म्हणून. मामाला तर दोनदा फोन केला. त्यांना फार वाईट वाटेल हो."

"अगं पण त्यांनी बघितला तर?"

"मी बॅगेत घालून सोबत नेते ना. म्हणजे त्यांना शंका नको."

फोन ठेवला आणि मी तसाच पॅनेलला टेकून उभा राहिलो. उद्या एवढी मोठी परीक्षा, आणि ती पोर एक मेलेला लॅपटॉप खांद्यावर घेऊन बसने निगडीला जाणार होती. कशासाठी, तर आमची अब्रू राहावी म्हणून. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

*

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्यामुळे रविवारी परीक्षेच्या वेळी गुलाबभाऊ कँटीनमध्ये माझ्यासमोरच बसले होते. त्यांनी डबा उघडला आणि तसाच ठेवला.

"जेवा की, गुलाबभाऊ."

"आत्ता पेपर चालू झाला आसंल. घास न्हाई उतरत."

"होईल हो सगळं नीट," मी ताटात बघत म्हणालो.

"व्हनारच! तिची काळजी न्हाई मला. लॅपटॉप कुनी केलाय!" असं म्हणून त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या ताटात वाढला.

मी सकाळीच थोरात साहेबांना आणि बनसोडेंना सगळं सांगितलं होतं. दोघेही शेजारच्या टेबलवर बसले होते. बनसोडे उठून हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत. साहेब पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसले होते, पाणी काही कमी होत नव्हतं.

ती भाकरी मी संपवली. कशी संपवली ते विचारू नका.

*

वैष्णवी परीक्षा पास झाली. ऑनलाइन मुलाखतीलाही ती निगडीच्या त्याच मैत्रिणीकडे गेली. आणि राव, तिची निवड झाली!

गुलाबभाऊंनी अख्ख्या प्लांटला पेढे वाटले, आणि प्रत्येक पेढ्याबरोबर आमची कीर्ती. "मेमरी वाढीवली साहेबांनी, म्हनून झालं. न्हाई तर पोरगी आडकली आसती." परिणाम काय झाला? आमच्या दारात लॅपटॉपची रांग लागली! सिक्युरिटीच्या सुपरवायझरचा आला, कँटीनवाल्याचा आला, डिस्पॅचच्या मॅडमच्या मुलाचा आला. थोरात साहेब बॅग दिसली रे दिसली की फोन कानाला लावायचे. "ब्रेकडाऊन आहे, ब्रेकडाऊन!" डिस्पॅचच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "साहेब, तुमचं ब्रेकडाऊन संपतच नाही का?"

साहेब म्हणाले, "नाही हो."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण गुलाबभाऊंनी आम्हाला न सांगता कायझेन भरलं. कायझेन म्हणजे कामात केलेली सुधारणा, 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो लावून बोर्डावर लावायची. 'आधी'चा फोटो माझाच, कांद्याच्या सालींचा. डिपार्टमेंटच्या ग्रुपवर मीच पाठवला होता ना हसत हसत! 'नंतर'चा फोटो त्या शुक्रवारचा. आम्ही तिघे दात काढून उभे, मधे झाकण बंद केलेला लॅपटॉप. कँटीनच्या वाटेवरच्या बोर्डावर तो फोटो महिनाभर होता. आम्ही तिघे महिनाभर पार्किंगकडून वळसा घालून जेवायला जात होतो.

त्याला बक्षीस मिळालं. प्लांट हेडनी स्टेजवर बोलावून तिघांना एकेक स्टीलचा डबा दिला आणि माइकवर म्हणाले, "आपल्या सहकाऱ्याच्या मुलीसाठी यांनी जे केलं, ते मशीनसाठीही करत नाहीत कोणी!"

खरंच होतं ते. मशीनचं असं आम्ही कधीच केलं नव्हतं.

गुलाबभाऊ पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. तो डबा मी घरी माळ्यावर टाकलाय. बायको विचारते, एवढा चांगला डबा वापरत का नाही? काय सांगू तिला?

मी दोनदा गुलाबभाऊंना म्हणून बघितलं, "लॅपटॉप एकदा आणा, सर्व्हिसिंग करू." मनात होतं, गुपचूप नीट दुकानात द्यावा. ते म्हणाले, "पोरगी हातच लावू देत न्हाई. म्हनती, काकांनी केलंय ते तसंच राहू द्या."

*

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे तो दिवस मोठा. सगळी मशीन धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, घरच्यांना बोलावतात, बायका-पोरं नटूनथटून प्लांट बघायला येतात. प्लांट हेड प्रत्येक डिपार्टमेंटला जाऊन नारळ फोडतात आणि पूजा झाली की एकेका मशीनचं बटण स्वतःच्या हाताने दाबतात.

आमच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या टेबलावर पाने, मल्टिमीटर, व्हर्नियर, ड्रिल मशीन असं सगळं मांडलं होतं. मी तांब्या घेऊन आत आलो आणि थबकलोच. मधोमध पाट, पाटावर तांदूळ, आणि तांदळावर वैष्णवीचा लॅपटॉप! त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, चारी कोपऱ्यांना झेंडूचं फूल.

"पोरीला न सांगता आनला," गुलाबभाऊ नव्या टोपीत हसत होते. "ज्याच्यामुळं घरात लक्ष्मी आली त्याची पूजा नको का?"

थोरात साहेबांनी माझा दंड धरला. तो सुटेपर्यंत दुखत होता.

फॅमिलीची बस आली. गुलाबभाऊंच्या घरच्या आल्या, मागून साडी नेसलेली वैष्णवी. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. तिने दारातून टेबलाकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. काय करणार होतो दुसरं? तेवढ्यात प्लांट हेडही आले. आरती झाली, नारळ फुटला, प्रसाद वाटला गेला.

"अरे वा! हाच का तो कायझेनवाला?" प्लांट हेडनी लॅपटॉपवरची फुलं बाजूला केली आणि झाकण उघडलं. "आज मेंटेनन्समध्ये हाच सुरू करू. काय थोरात?"

थोरात साहेबांचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"तुमच्या हातानं दाबा साहेब!" गुलाबभाऊ म्हणाले. त्यांनी मोबाइल काढून फोटोसाठी धरलासुद्धा. सगळी माणसं टेबलाभोवती सरकली. प्लांट हेडचं बोट बटणावर जाणार, एवढ्यात...

"सर, थांबा!"

वैष्णवी पुढे आली होती.

"पूजेला मांडलेल्याला आज हात नाही लावायचा सर. उद्या उत्तरपूजा झाली की मग."

प्लांट हेड हसले. "अगं, आत्ताच प्रेसशॉपमध्ये मशीन सुरू करून आलो मी!"

"ते मशीन कामाचं आहे सर. हा माझ्या अभ्यासाचा आहे. सरस्वतीपुढं मांडलेलं पुस्तक त्याच दिवशी कोणी उघडतं का?" असं म्हणत तिने झाकण अलगद मिटलं, विस्कटलेली फुलं पुन्हा चारी कोपऱ्यांना ठेवली आणि हात जोडले.

गुलाबभाऊंनी मोबाइल खाली घेतला. त्यांचे डोळे भरले होते. "बघा साहेब! आयटीत लागली, पन रीत इसरली न्हाई!"

प्लांट हेडनी बोट मागे घेतलं आणि लॅपटॉपला नमस्कार केला. मग वळून आमच्याकडे बघितलं. "काय हो थोरात, एवढी वर्षं मेंटेनन्समध्ये आहात. एवढी साधी गोष्ट तुम्हाला माहीत नसावी?"

"चुकलं," थोरात साहेब म्हणाले.

उत्तर प्लांट हेडना होतं, पण साहेब बघत होते वैष्णवीकडे. तिने ताट पुढे केलं आणि म्हणाली, "काका, पेढा घ्या ना."